आईला दफन नको आहे

धाकटी_लेक

सर्वांना जय येशू.

एका घरगुती प्रश्नावर जाणत्या मंडळींचे मत हवे आहे. प्रश्न माझ्या आईच्या अंत्यविधीचा आहे. पण ती आज ठणठणीत आहे हे आधीच सांगते, म्हणजे कोणी सांत्वनाचे लिहू नये.

आम्ही मूळचे वसईचे कॅथलिक. बाबांच्या रेल्वेतील नोकरीमुळे मुंबईच्या उपनगरात येऊन आता पन्नास वर्षे होत आली. आई ८१ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात एका रात्री रोझरी आटोपल्यावर, जपमाळ डबीत ठेवता ठेवता, उद्या भाजी कोणती करायची हे सांगावे इतक्या सहजपणे ती म्हणाली, "मी गेल्यावर मला पुरू नका. विजेच्या दाहिनीत न्या." माझा थोरला भाऊ समोरच बसला होता. तो ताडकन म्हणाला, "आपण ख्रिस्ती आहोत, आई." त्यावर "मला माहीत आहे" एवढेच बोलून ती झोपायला गेली. तेव्हापासून या विषयावर दोघेही अवाक्षर काढत नाहीत आणि मी मधल्यामध्ये अडकले आहे.

तिच्या मनात हे कुठून आले असावे याचा मला अंदाज आहे. बाबा २००९ च्या जुलैमध्ये गेले. भाऊ तेव्हा आखातात होता. त्याची वाट पाहण्यात चार दिवस गेले, म्हणून शरीर टिकावे यासाठी औषध भरून घेतले होते. पाऊस कोसळत होता आणि कबरीत पाणी साचेल म्हणून पेटीवाल्याने पेटीला आतून प्लास्टिकचे अस्तर लावून दिले. बाबांच्या अंगावर लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला शिवलेला गडद निळा टेरिलिनचा सूट होता, पायांत मोजे होते आणि बूटसुद्धा. मुंबईत साध्या माणसाला कबर कायमची मिळत नाही हे आपण सारे जाणतोच. दोन वर्षे उलटल्यावर चर्चच्या कार्यालयातून पत्र आले की जागा मोकळी करायची आहे, अस्थींसाठी भिंतीतला निश, म्हणजे कोनाडा, घेणार असाल तर कळवावे. मी नको नको म्हणत असतानाही आई बरोबर आली. खोदणाऱ्याने फळ्यांचे तुकडे बाजूला केले तेव्हा आत निळा सूट तसाच्या तसा होता, बाहीवरची इस्त्रीची घडीसुद्धा दिसत होती. त्याने आमच्याकडे न पाहता माती परत ओढली आणि तो म्हणाला, "मावशी, अजून वेळ लागेल." पुढच्या उन्हाळ्यात कबर पुन्हा उघडली तेव्हा अस्थी मिळाल्या आणि त्या आम्ही निशमध्ये ठेवल्या. त्या वेळी आई आली नाही.

माझे विचारणे एवढेच की दहन निवडणे आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध आहे का, फादर अशा वेळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आणि प्रार्थना करतात का, आणि राखेचे काय करायचे. आईच्या मनात अर्धी राख बाबांच्या निशमध्ये आणि अर्धी वसईला तिच्या माहेरच्या चर्चमध्ये ठेवावी असे आहे. भाऊ म्हणतो की असले काही चालत नाही. खरे काय आहे?

दफनभूमी_समिती

ताई, मी आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) दफनभूमी समितीवर नऊ वर्षे काम केले आहे, त्यामुळे आपला निळ्या सुटाचा प्रसंग वाचून मला आश्चर्य वाटले नाही. असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत आणि त्यावर बाहेर फारसे बोलत नाही, ही आमची चूकच म्हणायची.

आधी नियमाचे सांगतो, कारण आपल्या भावाचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात दहनाची चळवळ सुरू झाली आणि १८७६ मध्ये मिलानमध्ये आधुनिक दाहिनी उभी राहिली, तेव्हा तिच्या पुरस्कर्त्यांत चर्चवर उघड रोष धरणारी मंडळी पुष्कळ होती, आणि "मेल्यावर काही उरत नाही, पाहा" हे दाखवून देण्याचे साधन म्हणूनही त्यांपैकी काही जण दहनाकडे पाहत होते. त्यामुळे १८८६ मध्ये रोमने कॅथलिकांना दहनाची मनाई केली, आणि १९१७ च्या धर्मसंहितेने तर ज्याने स्वतःच्या दहनाची आज्ञा करून ठेवली असेल त्याला ख्रिस्ती अंत्यविधीच नाकारला. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ज्यांनी धर्मशिक्षण दिले, त्यांनी हेच दिले. घरात ते आजही तसेच उतरत आले आहे आणि मधे काय बदलले हे कोणी कोणाला सांगितलेले नाही.

बदल झाला तो जुलै १९६३ मध्ये. श्रद्धेचा इन्कार करण्यासाठी म्हणून निवडलेले नसेल तर दहनाला हरकत नाही, असे रोमने त्या वेळी स्पष्ट केले. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११७६ व्या नियमात हीच भूमिका आहे: दफनाची पवित्र प्रथा चालू ठेवावी अशी ख्रिस्तसभेची कळकळीची शिफारस आहे, पण दहन निषिद्ध नाही. शिफारस आणि बंधन यांतला फरक भावाला समजावून सांगा. दफनाला अग्रक्रम आहे, हे मात्र आईलाही सांगायला हवे. दोन्ही अगदी सारखेच आहेत असे चर्च म्हणत नाही.

मिस्सा अर्थातच होते. योग्य क्रम असा की आधी शरीर चर्चमध्ये आणावे, नेहमीप्रमाणे अंत्यविधीची मिस्सा व्हावी आणि मग दाहिनीकडे न्यावे. तिथेही फादर शेवटची प्रार्थना करू शकतात. काही कुटुंबे परस्पर रुग्णालयातून दाहिनीत नेतात आणि नंतर राख घेऊन चर्चमध्ये येतात, ते टाळावे. ज्या शरीराला बाप्तिस्म्याचे पाणी लागले, ज्याने आयुष्यभर ख्रिस्तप्रसाद घेतला, त्या शरीराला एकदा वेदीसमोर आणावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

आता राखेविषयी, कारण लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये रोमने यावर एक सूचनापत्र प्रसिद्ध केले. त्यानुसार राख पवित्र जागेत, म्हणजे दफनभूमीत किंवा चर्चमध्ये ठेवायची. ती समुद्रात, हवेत वा जमिनीवर विखरायची नाही, दागिन्यांत भरायची नाही, घरी ठेवायची नाही आणि नातेवाइकांत वाटून घ्यायची नाही. घरी का नको, याचे तिथे दिलेले कारण मला पटते. आज मुलगी रोज त्या कलशापुढे मेणबत्ती लावील, पण तिची नातवंडे घर विकतील तेव्हा तो कलश माळ्यावरच्या खोक्यांत कुठेतरी असेल. दफनभूमीत ठेवलेल्या माणसासाठी त्याचे कोणी उरले नाही तरी २ नोव्हेंबरला सारा धर्मग्राम प्रार्थना करतो.

म्हणजे आईची निम्मी-निम्मी वाटणी बसत नाही. मात्र २०२३ च्या डिसेंबरमध्ये रोमने एका प्रश्नाला दिलेल्या उत्तरात थोडी मोकळीक आहे: राख पवित्र जागेत ठेवली जाणार असेल, तर तिचा अगदी थोडा अंश मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या ठिकाणी जपण्याची कुटुंबाची विनंती धर्माधिकारी विचारात घेऊ शकतात. तेव्हा माहेरच्या चर्चसाठी चिमूटभर राखेची विनंती आपल्या फादरांमार्फत करून पाहता येईल. पण माझे ऐकाल तर या खटपटीत पडू नका. बाबांचा निश आहे, तिथेच सारी राख ठेवा.

आणखी एक. आईचे म्हणणे लिहून घ्या, त्यावर तिची सही घ्या आणि एक प्रत फादरांकडे द्या. मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही, कारण मृत्युपत्राची घडी उलगडेपर्यंत अंत्यविधी होऊन बहुधा महिना लोटलेला असतो.

पाळकाची_मुलगी

प्रभूमध्ये सलाम.

मी प्रॉटेस्टंट आहे, त्यामुळे रोमच्या पत्रांवर मी बोलणार नाही. आमच्या मंडळ्यांत दहनाविषयी कोणी असा सविस्तर कायदा केलेला नाही. इंग्लंडमध्ये तर १९४४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांचेच दहन झाले होते. तरीही आमची मराठी मंडळी मृतांना पुरतच आली आहेत, आणि कोणी वेगळे केले की कबरस्तानाच्या फाटकापाशी कुजबुज होतेच, ती आपल्या भावाच्या शब्दांपेक्षा फारशी निराळी नसते.

माझे वडील पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मोपदेशक, होते. त्यांच्याबरोबर लहानपणी किती मैतांना गेले असेन त्याची गणती नाही. ते म्हणत की बायबलमध्ये पुरण्याची आज्ञा शोधू नका, ती सापडणार नाही. पुरण्याच्या गोष्टी मात्र पानोपानी सापडतील. त्यांतली पहिली मोठी गोष्ट उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात आहे. सारा मरण पावते आणि ज्या अब्राहामाला देवाने अख्खा देश देऊ केलेला आहे त्याच्याकडे बायकोला पुरण्यापुरतीही जमीन नसते. एफ्रोन हित्ती आधी "असेच घ्या हो" म्हणतो आणि मग बोलता बोलता "चारशे शेकेलांची तर जमीन, तुमच्या-माझ्यात त्याचे काय" असे म्हणून भाव सांगून मोकळा होतो. मुंबईत घरासाठी वणवण केलेल्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. त्या देशात अब्राहामाने विकत घेतलेली पहिली जमीन म्हणजे ती कबर.

दहनाचीही उदाहरणे आहेत. शौल राजा आणि त्याचे मुलगे यांची शवे याबेश-गिलादाच्या लोकांनी शत्रूच्या भिंतीवरून रातोरात काढून आणली, ती जाळली, मग अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. हे कृत्य निष्ठेचे म्हणून सांगितले आहे. उलट आमोसाच्या दुसऱ्या अध्यायात अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केल्याबद्दल मवाबाला शासन सांगितले आहे. जाळणे दोन्हीकडे आहे, पण एका ठिकाणी ते माया म्हणून आणि दुसऱ्या ठिकाणी सूड म्हणून. १७७ च्या सुमारास लियोंमध्ये ख्रिस्ती हुतात्म्यांची शवे जाळून राख ऱ्होन नदीत टाकली गेली, ती "आता कसे उठतात पाहू" असे हिणवण्यासाठी. त्याच शतकात स्मुर्ण्याच्या वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना जाळले गेले तेव्हा त्यांच्या माणसांनी अस्थी रत्नांपेक्षा मौल्यवान समजून वेचल्या आणि योग्य जागी ठेवल्या. जळाल्यामुळे पुनरुत्थान अडेल अशी शंकादेखील त्यांना शिवली नाही. प्रेषित पौल करिंथकरांना पुनरुत्थानाविषयी लिहितो तेव्हा बी आणि रोप यांचाच दाखला देतो. जे पेरले तेच जसेच्या तसे उगवत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, असा त्याचा सूर आहे.

पण मला खरे लिहायचे आहे ते त्या उघडलेल्या कबरीबद्दल. आपल्या आईला, आणि पुष्कळांना, असे वाटते की दोन वर्षांनी कबर उघडून हाडे काढणे ही मुंबईच्या जागेच्या टंचाईने आपल्यावर आणलेली विटंबना आहे, पूर्वी माणूस शांत निजत असे आणि आता त्याला उठवतात. प्रभू येशूच्या काळात खुद्द यरुशलेमेत हीच रीत होती. शव खडकातल्या कबरीत ठेवायचे, साधारण वर्षभराने मांस मातीला मिळाले की घरच्यांनी जाऊन अस्थी गोळा करायच्या आणि चुनखडीच्या लहान पेटीत भरून त्याच कबरीच्या कोनाड्यात ठेवायच्या, कधी एकाच पेटीत बाप-लेकाच्या. अशा पेट्या तिथे शेकड्यांनी सापडल्या आहेत. १९९० मध्ये मिळालेल्या एका नक्षीदार पेटीवर कयफा, म्हणजे येशूच्या चौकशीच्या वेळच्या महायाजकाचे, नाव आहे. मरणाऱ्या योसेफानेही कबरीबद्दल काही मागितले नाही, "माझ्या अस्थी इथून घेऊन जा" एवढीच शपथ घातली, आणि मोशेने मिसर सोडताना त्या बरोबर नेल्या. तेव्हा आपला तो भिंतीतला निश म्हणजे कोणा कमिटीने काढलेली पळवाट नाही; त्याची मुळे फार जुनी आहेत. फरक इतकाच की तिथे अस्थी वेचायला घरचे माणूस वेळ झाल्यावर जात असे आणि आपल्याकडे पत्र येते.

म्हणून, ताई, एक विचारते: आईला दहन हवे आहे, की तसे पुन्हा कोणी पाहू नये असे हवे आहे? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी असेल तर तिला इतरही वाटा आहेत. आपण तिला विचारले आहे का?

गोराईकर

माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडतो, राग मानू नये.

नियमाने चालते म्हणून करावेच असे नाही. ऑर्थोडॉक्स चर्चने परंपरेने दहन मान्य केलेले नाही, आणि ते अडाणी आहेत असे कोणी म्हणू नये. आपला प्रभू स्वतः कबरीत होता. तीन दिवस मातीच्या पोटात राहून त्याने ती जागा आपल्यासाठी पवित्र केली. मी मेल्यावर त्याच वाटेने जावे असे मला वाटते, यात तर्क थोडा आहे आणि माया जास्त आहे, हे मान्य करतो.

मराठीत एखादी रूढी टाकून द्यायची असली की तिला "मूठमाती दिली" म्हणतात. आमच्या गावात मूठमाती खरीच द्यायची असते. पेटी खाली गेली की आधी घरचे, मग सोयरे, मग शेजारी, मग ज्याच्याशी जाळ्यावरून दहा वर्षे भांडण होते तोही पुढे येतो, वाकतो आणि मूठभर माती टाकतो. त्या मातीचा पेटीच्या फळीवर पडतानाचा आवाज ज्याने ऐकला त्याला मरण कळते. दाहिनीत माणूस एका दाराआड जातो, दार बंद होते आणि मंडळी बाहेर बाकावर बसून मोबाइल पाहतात. माझ्या साडूच्या वेळी मी ते पाहिले आहे. कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही, कारण हात कधी ठेवायचा हेच कोणाला कळले नाही.

२०२० मध्ये आपल्या अनेक माणसांना नाइलाजाने अग्नी दिला गेला. ३० मार्चला मुंबई महापालिकेने कोणत्याही धर्माचे असले तरी कोरोनाचे शव जाळण्याचा आदेश काढला आणि त्याच दिवशी तो बदलला, पण भीती राहिली ती राहिलीच. ज्यांना तेव्हा अग्नी दिला ते देवाघरी पोचले नाहीत असे मी म्हणत नाही. नाइलाजात केलेले आणि आपणहून निवडलेले यांत फरक आहे, एवढेच म्हणतो.

पाळकाच्या मुलीने इतर वाटांचे म्हटले, त्यांतली एक सांगतो. आपण वसईच्या आहात, तर आपल्याला ठाऊक असेल की तिकडे काही ठिकाणी आता पेटीशिवाय पुरतात. चर्चपर्यंत सामायिक पेटीतून आणायचे आणि कबरीत नुसत्या पांढऱ्या सुती कापडात उतरवायचे. लाकूड वाचते, पैसा वाचतो आणि माती आपले काम वेळेत करते. प्रभूलाही तागाच्या वस्त्रातच गुंडाळले होते, वॉर्निशच्या पेटीत नव्हे.

निवृत्त_डॉक्टर

वर धर्माचे पुष्कळ आले आहे, मी फक्त शरीराचे सांगतो.

आपल्या वडिलांच्या बाबतीत जे घडले त्याला कोणताही दैवी वा अमंगळ अर्थ नाही. शरीर विरघळायला हवा, ओलाव्याचे योग्य प्रमाण आणि जिवाणू लागतात. औषध भरले की जिवाणूंचे काम मुळातच मंदावते. प्लास्टिकच्या अस्तरामुळे पाणी आत साचते आणि हवा जात नाही, आणि अशा ओल्या, कोंडलेल्या जागी शरीरातील चरबीचा मेणासारखा घट्ट थर बनतो, जो आतला भाग वर्षानुवर्षे टिकवतो. टेरिलिन, नायलॉन, पॉलिएस्टर हे तर कुजतच नाहीत. बूट, मोजे, प्लास्टिकची फुले यांचेही तेच. मुंबईची पावसाळ्यात चिंब होणारी जमीन यात भर घालते. सुती वस्त्र, साधी पातळ लाकडाची पेटी किंवा पेटीच नाही, आणि औषध न भरता लवकर दफन, एवढे पाळले तर आईने जे पाहिले ते पाहण्याची वेळ बहुधा येत नाही. परदेशातील मुलांसाठी थांबणाऱ्या कुटुंबांनी हे आधीच बोलून ठेवावे, असे मी माझ्या रुग्णांच्या घरी नेहमी सांगत असे आणि ऐकणारे थोडेच होते.

तिसराही पर्याय आहे, देहदानाचा. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली वैद्यकीय महाविद्यालये देह स्वीकारतात. अर्ज आधी भरून ठेवता येतो, पण प्रत्यक्ष वेळी जवळच्या नातेवाइकांची तयारी नसेल तर अर्जाचा उपयोग होत नाही. शवविच्छेदन झालेले किंवा संसर्गजन्य आजाराने गेलेल्यांचे देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान मात्र दफन असो वा दहन, दोन्हींच्या आधी करता येते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायला हवे, तोवर पंखा बंद ठेवावा आणि पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा. कॅथलिक चर्च मरणोत्तर अवयवदानाला पुण्यकृत्य मानते.

कागदांचे थोडक्यात: घरी मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते नसेल तर दफनभूमी असो वा दाहिनी, कोणी पुढे जाऊ देत नाही. नोंदणीची मुदत २१ दिवसांची आहे. आईला नियमित पाहणारा एखादा डॉक्टर असू द्या, म्हणजे भलत्या वेळी धावपळ होणार नाही.

धाकटी_लेक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण विचारायचे कसे हेच ठरत नव्हते.

शेवटी काल दुपारी, भाऊ कामावर असताना, पाळकाच्या मुलीने सुचवलेला प्रश्न मी जवळपास त्याच शब्दांत आईला विचारला. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग ताटाकडे पाहतच म्हणाली, "बाबांना तो सूट नको होता. धोतर आणि सदरा घाला असे ते मला सांगून गेले होते. मीच म्हटले की लोक येतील, बरे दिसणार नाही." आम्हा भावंडांना हे कधीच माहीत नव्हते. इतकी वर्षे आम्ही समजत होतो की आई त्या दृश्याला घाबरली आहे.

डॉक्टरांनी लिहिलेले मी तिला वाचून दाखवले: औषध, प्लास्टिक, पाऊस, सगळे. एकट्या सुटामुळे झाले नाही, हे तिने दोनदा वदवून घेतले. यरुशलेमेतल्या पेट्यांचेही वाचले. त्यावर ती म्हणाली की मग आपण त्या दिवशी चुकून लवकर गेलो, एवढेच.

गोराईकर दादांचे मूठमातीचे मी मुद्दाम भावासमोर वाचले. त्याला ते फार पटले आणि आईलाही पटले, त्यामुळे आता सुती वस्त्रातल्या दफनाला ती नाही म्हणणार नाही असे वाटते. पण दहनही तिने सोडलेले नाही. "तुम्हा दोघांना ज्यात भांडावे लागणार नाही ते करा, मात्र सूट-बूट काही नको," असे तिचे आजचे म्हणणे आहे. कपाटातले आजीचे पांढरे लुगडे तिने काढून धुतले आणि उन्हात वाळवून वरच्या फळीवर ठेवले. वसईत राख ठेवण्याचा विषय तिने आपणच सोडून दिला.

तिचा एकच प्रश्न उरला आहे आणि तो समितीवाल्या दादांसाठी आहे. दफन होवो की दहन, शेवटी बाबांच्या निशमध्ये ती मावेल का?

दफनभूमी_समिती

राख असेल तर सहज मावते. अस्थी असतील तरी बहुतेक निशमध्ये दोघांच्या राहतात. बाबांच्या अस्थी कापडाच्या पिशवीत असतील तर त्या एका बाजूला सरकवता येतात. एकाच कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीला परवानगी आहे का आणि निशची मुदत किती आहे, हे आपल्या चर्चच्या कार्यालयात विचारून घ्या, प्रत्येक ठिकाणी नियम सारखा नसतो. संगमरवरी फरशीवर दुसऱ्या नावाला जागा आहे का तेही पाहा, नाहीतर फरशी बदलण्याचा खर्च येतो.

धाकटी_लेक

आज संध्याकाळच्या मिस्सेनंतर जाऊन पाहिले. बाबांचे नाव आणि तारखा वरच्या अर्ध्या भागात आहेत, खालचा अर्धा कोरा आहे. मला वाटले होते की कारागिराचा अंदाज चुकला असेल. घरी येऊन विचारले तर भाऊ म्हणाला की फरशी करायला टाकली तेव्हा आईनेच तसे सांगून पाठवले होते.